गांगुर्डे काकांनी वकील केला नाही

पुंजाराम गांगुर्डे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासणीला होते. छापलेल्या नोटांचा ताव समोर यायचा, त्यावरून नजर फिरवायची, शाई कुठे फाकलीय का, रेघ कुठे तुटलीय का ते बघायचं आणि खराब निघालेला ताव बाजूला काढायचा. नोकरीभर त्यांनी हेच केलं. माझे वडील, जीवन, त्याच खात्यात त्यांच्या शेजारी बसायचे. आमची घरंही जेल रोडला एकाच कॉलनीत, मध्ये तीन दारं सोडून.

मी बारावीत असताना वडील गेले. त्यानंतर आमच्या घरात जिथे जिथे मोठ्या माणसाची गरज पडली, तिथे गांगुर्डे काका न सांगता येऊन उभे राहिले. लॉ कॉलेजच्या प्रवेशाला तेच मला स्कूटरवर मागे बसवून गंगापूर रोडला घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पालक कोण?" तर काका पुढे झाले आणि म्हणाले, "पालक वारले. सही मी करतो, चालत नसेल तर चालवून घ्या." ते तसं मोठ्याने कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

स्वभावाने सरळ माणूस. सकाळी विहारात जाऊन येणार, येताना भाजी आणणार, दुपारी पेपर. पांढरी स्कूटर रोज पुसायची, पाऊस असो नसो. सिंधुकाकू मागे बसल्या की त्यांचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागे वळून एकदा बघायचे आणि मगच गाडी सुरू करायचे. कॉलनीतल्या बायका यावरून काकूंची चेष्टा करायच्या. काकू म्हणायच्या, "करा की चेष्टा. तुमचे बघतात का?"

अशा माणसावर पोलिसांनी चलन फाडलं तेव्हा सगळ्या कॉलनीला आपल्याच घरात काहीतरी झाल्यासारखं वाटलं.

झालं असं. दिवाळी होऊन गेली होती. काका सकाळी एकटेच भाजी घेऊन परत येत होते. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात सिग्नल लाल होता आणि काका थांबलेच नाहीत. वेग काही फार नव्हता, पण डावीकडून हिरव्या सिग्नलवर एक मुलगी स्कूटीवरून आली. तिने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि ती रस्त्यावर आडवी झाली. काकांच्या गाडीचा तिला धक्काही लागला नव्हता. कोपर खरचटलं, ड्रेस फाटला. काका गाडी सोडून तिच्याकडे धावले. पिशवीतली मेथी रस्ताभर झाली. आणि ती मुलगी उठून बसली ती काकांचाच हात धरून विचारायला लागली, "आजोबा, तुम्हाला लागलं नाही ना?"

चौकात वाहतूक पोलीस उभा होता. त्याने डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं. नुसता सिग्नल तोडला असता तर दंड भरून विषय संपला असता. पण माणूस पडलं होतं, म्हणून धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याचं कलम लागलं. त्याचा निकाल रस्त्यावर होत नाही. समन्स येतं, कोर्टात उभं राहावं लागतं, आणि परवानाही काही काळ निलंबित होऊ शकतो.

त्याच संध्याकाळी काकांचा मुलगा प्रफुल्ल त्यांना घेऊन माझ्याकडे आला. प्रफुल्ल अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. मनाने चांगला, तोंडाने फटकळ. आल्या आल्या त्याने मोबाइलवरचं चलन माझ्यापुढे धरलं.

"हे बघ रोहिणी. बाबांनी आयुष्यात एक चलन नाही घेतलं. आणि आता या वयात कोर्ट? माझे दोन मित्र म्हणतात, वकील कशाला, सरळ कबूल करा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, का म्हणून? आपल्या घरचा वकील आहे, लढायचं."

"आधी काकांना बोलू दे," मी म्हणाले.

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. गुडघ्यावर टोपी. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोरीचं काही कळलं का गं? मोहिनी नाव सांगितलं तिने. नर्सिंगला शिकते म्हणे."

"बाबा, ती ठीक आहे. तिने तक्रार पण दिलेली नाही," प्रफुल्ल म्हणाला.

"तक्रार दिली नाही म्हणजे लागलं नाही असं नसतं."

सिग्नलचं काय झालं, असं मी विचारलं. काका म्हणाले, "मला दिसला नाही."

वकिलाच्या कानाला "दिसला नाही" हे दोन शब्द पुरतात. का दिसला नाही, हे शोधायचं काम आमचं. दुसऱ्या दिवशी कोर्टात जाताना मी त्या चौकात गाडी बाजूला लावली आणि काका ज्या बाजूने आले होते तिथे जाऊन उभी राहिले. कडुलिंबाची एक जाड फांदी रस्त्यावर आली होती आणि सिग्नलच्या खांबापुढे अशी लोंबत होती की लांबून लाल दिवा पानांच्या आड जायचा. अगदी जवळ आलं की दिसायचा, पण तोवर पांढरी रेघ ओलांडायची वेळ व्हायची. मी फोटो काढले. तीनचार दुचाकीवाले माझ्यासमोर कचकन ब्रेक मारून थांबले, त्याचा व्हिडिओही घेतला.

खरं सांगते, मला आनंद झाला. अशी सरळ बाजू वाहतुकीच्या केसमध्ये सहसा हाताला लागत नाही. शिवाय ही काकांची केस. त्यांच्यासाठी काहीतरी करायची संधी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळत होती. मी प्रफुल्लला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "संपली की केस! सांगितलं नव्हतं मी?"

मी वकीलपत्र तयार केलं. काकांची सही तेवढी बाकी होती.

दुपारी सिंधुकाकू एकट्या आल्या. हातात डबा. काकूंचं माहेर बागलाणातलं नामपूर. त्या कोणाकडेही रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि त्या डब्यात बहुतेक वेळा बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, असतात. डबा टेबलावर ठेवला, पण बसल्या नाहीत. दार लावून घेतलं आणि मगच बसल्या.

"प्रफुल्ल सांगत होता, फांदी सापडली म्हणे तुला."

"हो काकू. चांगली बाजू आहे. काळजी करू नका."

"जिंकशील का?"

"शक्यता बरीच आहे."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको जिंकू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"नको जिंकू ही केस, पोरी. तू जिंकलीस तर ते परत गाडीवर बसतील." आणि त्यांचा आवाज एकदम गावाकडचा झाला. मन भरून आलं की काकूंची अहिराणी वर येते. "त्यासले दिखत नही ना."

त्यांना दिसत नाही. गांगुर्डे काकांची नजर म्हणजे आमच्या कॉलनीत प्रमाण होती. सुईत दोरा ओवायला बायका अजून त्यांच्याकडे यायच्या.

काकूंनी मग सगळं सांगितलं. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी दोघं देवळाली कॅम्पला काकूंच्या बहिणीकडे चालले होते. सिग्नल लाल झाला, पुढे दुसरी गाडी नव्हती, आणि काका तसेच निघाले. काकू मागून ओरडल्या, "अहो, लाल आहे!" काकांनी ब्रेक मारला. म्हणाले, लक्ष नव्हतं. चार दिवसांनी परत तसंच. मग काकूंच्या लक्षात यायला लागलं. समोरचं त्यांना लख्ख दिसतं, पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात. पण वरचं दिसत नाही. घरात फळीचा कोपरा डोक्याला लागतो. पंख्याच्या जाळीवरचं जळमट दिसत नाही. आंब्याच्या झाडाखालून जाताना डहाळी तोंडावर आली की दचकतात.

"मग मी मागून सांगायला लागले. सरळ नाही सांगायचं. 'लाल आहे' म्हटलं तर त्यांना वाटेल हिला कळलं. मी म्हणायची, 'अहो, थांबता का, पदर नीट करते.' ते थांबायचे. हिरवा झाला की म्हणायची, 'झालं, चला.' एकटे जायला निघाले की मी काहीतरी काम काढून मागे बसायची. त्या दिवशी गुडघा धरला होता माझा. म्हटलं, भाजीच तर आणायचीय."

"काकू, डॉक्टरकडे का नाही नेलं?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टर गाडी बंद कर म्हणाला असता. रोहिणी, मला पण गाडी सुटायला नको होती गं. घरात सगळे असतात. सून, पोरं, टीव्ही. गाडीवर मागे बसलं की आम्ही दोघंच असतो. ते बोलत नाहीत, पण वाऱ्यात काहीतरी गुणगुणतात. मला ऐकू येतं ते." त्यांनी डोळे पुसले. "त्या पोरीच्या जागी दुसरं काही झालं असतं तर? मला रात्रीची झोप नाही. तू त्यांना सांग काहीतरी. पण मी सांगितलं असं कळू देऊ नको. नोटा तपासलेला माणूस आहे. बायकोला ठाऊक होतं हे कळलं तर फार लागेल त्यांना."

त्या गेल्यावर मी वकीलपत्राकडे बघत बसले. काकूंनी विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नव्हतं. आणि ते पोटात ठेवून, कोर्टात उभं राहून फांदीची गोष्ट सांगणंही मला जमणार नव्हतं. फांदी खोटी नव्हती, सगळी अडचण तीच होती. मी काहीही न ठरवता काकांना फोन केला आणि म्हटलं, "काका, सही करायच्या आधी एकदा जागा बघून येऊ. कोर्टात तुम्हाला विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

"येतो," ते म्हणाले. "पण रिक्षाने जाऊ."

रविवार होता, रस्ता मोकळा. आम्ही पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, फूटपाथच्या कडेला उभे राहिलो. मी हात करून दाखवलं. "ती बघा काका. ती फांदी. बरोबर दिव्याच्या पुढे येते."

काका समोर बघत होते. टपरी, बंद औषधाचं दुकान, दुकानासमोर झोपलेलं कुत्रं. "कुठली?" त्यांनी विचारलं.

"ती काय, समोरच."

"समोर काही नाही गं."

"थोडी वर."

त्यांनी मान मागे टाकली, हनुवटी वर केली, तेव्हा त्यांना फांदी दिसली. ती दिसली तसा त्यांचा चेहरा बदलला. मान परत सरळ केली. पुन्हा वर केली. पुन्हा सरळ. असं त्यांनी दोनतीनदा केलं, एखादा ताव उजेडात धरून बघावा तसं. मग फूटपाथच्या कठड्यावर बसले.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "तू म्हणतेस फांदीमुळे सिग्नल दिसला नाही. पण मला ती फांदीच दिसली नव्हती. मान वर केल्यावर दिसते. पण गाडी चालवताना मान वर करून कोण चालवतं? समोर बघितलं की मला खांबाचा वरचा भागच नसतो. फांदी नाही, दिवा नाही, काहीच नाही. अंधारही नाही. नुसतं नसतं."

मी त्यांच्याजवळ बसले. एक बस आमच्यासमोरून गेली.

"कधीपासून काका?"

"बरेच दिवस झाले. सिंधू मागून सांभाळते मला." ते हसले, पण ते हसणं पुरतं आलं नाही. "पदर नीट करते म्हणते. चाळीस वर्षांत तिचा पदर कधी सुटला नाही आणि आता प्रत्येक लाल सिग्नलला सुटतो. मला कळत नाही असं वाटतं तिला. मी पण वाटू दिलं. म्हटलं, तिला फिरायला आवडतं, कशाला बोलून मोडायचं? त्या दिवशी ती नव्हती." त्यांनी टोपी काढून परत घातली. "तू मात्र तिला सांगू नको मी हे बोललो ते. वाईट वाटेल तिला. एवढं करते बिचारी, आणि मला सगळं ठाऊक होतं म्हटल्यावर."

एकाच घरातली दोन माणसं, दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवायला मला सांगितलेली. मी फक्त मान हलवली.

थोड्या वेळाने मी म्हणाले, "काका, वकील म्हणून मला एक सांगावं लागेल. कायद्याने तुमची बाजू अजूनही आहे. फांदी आहे, फोटो आहेत. चांगली नजर असलेली माणसंही तिथे चुकतात. तुम्ही सही केलीत तर मी लढू शकते."

"आणि कोर्टाने विचारलं, फांदी आड आली का, तर मी काय सांगायचं?"

"ते तुम्हालाच ठरवावं लागेल."

"मग ठरलं," ते म्हणाले. "आपलं म्हणणं आपल्याला मांडता येत नसेल तर वकील करायचा. माझं म्हणणं लहान आहे, मला मांडता येईल. तू ये माझ्याबरोबर. वकील म्हणून नको, जीवनची मुलगी म्हणून ये. मागे बाकावर बस."

प्रफुल्लला हे कळलं तेव्हा तो माझ्यावरच तुटून पडला. "तू वकील आहेस की सरकारी पार्टी? हातात आलेली केस सोडतेस?" मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "तिला बोलू नको. तिने सही मागितली होती, मी नाही केली. आणि उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चल. तुझी आई पण येईल."

डॉक्टरकडे मीही गेले होते. काकांना एका अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवून. दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावर छापून आलेलं चित्र दाखवलं. दोन्ही डोळ्यांत वरचा भाग काळा होता. काचबिंदू. त्या शांतपणे समजावत होत्या. जे गेलं ते परत येणार नाही, पण जे आहे ते रोजच्या थेंबांनी टिकवता येईल. गाडी मात्र आजपासून नाही. मग त्यांनी विचारलं, "त्रास साधारण कधीपासून जाणवतोय?"

"पाचसहा महिने," काका म्हणाले.

"दीड वर्ष," काकू म्हणाल्या.

दोघं एकदमच बोलले होते. काकांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी जमिनीकडे. मग काका म्हणाले, "पदर?"

काकूंनी मान हलवली आणि पदरच तोंडाला लावला. त्या रडतायत की हसतायत ते मला कळलं नाही. काकांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "ती म्हणते ते धरा. तिला जास्त दिसतं."

परत येताना प्रफुल्ल कार चालवत होता. बिटकोच्या चौकात गाडी अडकली तेव्हा म्हणाला, "घरात एवढं चाललं होतं आणि मला कोणी सांगितलं नाही." काकू मागून म्हणाल्या, "आम्ही एकमेकांना तरी कुठे सांगितलं रे?" त्यावर तो जे हसला ते त्याला आवरेना, आणि मग डोळे पुसायला त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

तारीख लागली त्या दिवशी काका पांढरा शर्ट घालून आले. कोर्टात वाहतुकीच्या केसेसची गर्दी होती. नाव पुकारलं तसे ते पुढे गेले. मी ठरल्याप्रमाणे मागच्या बाकावर बसले. स्वतःचे हात रिकामे ठेवून कोर्टात बसायची मला सवय नाही. त्या दिवशी काकूंनी माझा एक हात धरून ठेवला होता.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी कागद बघून विचारलं, "वकील आहेत का तुमचे?"

"नाही साहेब."

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे."

"काही सांगायचंय?"

काकांनी खिशातून परवाना काढला. "मला वरचं दिसत नाही साहेब. काचबिंदू आहे. मला आधीपासून शंका होती, तरी मी गाडी चालवली. एक मुलगी पडली. तिने मलाच विचारलं, लागलं का म्हणून. हे तुम्ही ठेवून घ्या. मला परत नको."

बाई म्हणाल्या, "आजोबा, हा इथे जमा होत नाही. त्यासाठी आरटीओत जावं लागेल."

"तिथे पण जातो," काका म्हणाले, आणि कोर्टात दोनतीन जण हसले. बाईही हसल्या. त्यांनी कमीत कमी दंड लावला आणि शिपायाला सांगितलं, पावती होईपर्यंत यांना खुर्ची द्या.

बाहेर पायऱ्यांवर काकांनी मला थांबवलं. "आता तुझं एक काम आहे. त्या फोटोंवरून एक अर्ज लिही महापालिकेला, ती फांदी कापायला. मला दिसत नाही ते सोड. ज्यांना दिसतं त्यांना तरी दिसू दे." अर्ज मी लिहिला, खाली सही त्यांनी केली आणि स्वतः जाऊन देऊन आले. काही दिवसांनी फांदी छाटली गेली.

मोहिनीच्या घरी जायचंही त्यांनी सोडलं नाही. उपनगर नावाच्या भागात छोटं घर, दारात तिचीच स्कूटी उभी होती. काका उंबऱ्याबाहेरच थांबले आणि हात जोडून म्हणाले, "बाळा, तू तेव्हा मला विचारलंस, मी तुला विचारलंच नाही. कोपर कसं आहे?" तिने बाही वर करून दाखवलं. खपली पडून फिका डाग राहिला होता. तिच्या आईने आत बोलावून चहा केला. निघताना मोहिनीने काकांचा थेंबांचा कागद वाचला आणि कुठला थेंब आधी, कुठला नंतर, मध्ये किती वेळ सोडायचा, ते काकूंना नीट समजावून सांगितलं.

स्कूटर आता प्रफुल्ल वापरतो. सुरुवातीचे काही दिवस काकांना वाईट गेले. सकाळी फडकं घेऊन बाहेर यायचे, आणि गाडी जागेवर नसायची. तेच फडकं घेऊन ते आमच्या फाटकाची जाळी पुसून गेले एकदा. माझ्या आईने त्यांना चहा दिला. नंतर हळूहळू ते रुळले. बहिणीकडे आता दोघं सिटी बसने जातात. काकू खिडकीशी बसतात आणि मला सांगतात, "गाडीवर नुसती यांची पाठ दिसायची. इतकी वर्षं इथे राहिले, रस्त्यात एवढी दुकानं आहेत ते आता कळतंय." काका शेजारी बसून मधूनमधून काहीतरी गुणगुणतात. बसच्या आवाजात ते ऐकू येत नाही, अशी काकूंची तक्रार आहे.

संध्याकाळी कोर्टातून येताना मला बहुतेक वेळा ते ओट्यावर दिसतात. काका खुर्चीत मान मागे टाकून बसलेले असतात. काकू एका हाताने त्यांची पापणी वर धरतात आणि थेंब टाकतात. ते दर वेळी डोळा घट्ट मिटतात आणि काकू दर वेळी रागावतात. थेंब टाकल्यावर काही वेळ डोळे बंद ठेवायचे असतात. परवा मी फाटकाशी थांबून हाक मारली, "जय भीम, काका!"

"जय भीम. कोण, रोहिणी का?" डोळे न उघडता ते म्हणाले. "आज लवकर सुटलीस? सिंधू, झालं का गं?"

"बसा अजून," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या गालावर ओघळलेला थेंब बोटाने पुसला.